वांकडी क्यू सरळ करितांना

कुत्र्याचें शेपूट नळींत घातलें तरी वांकडें तें वांकडेंच, ही म्हण मराठी घरांतून लहान मुलांनाहि पाठ असते. बिलियर्ड, स्नूकर आणि पूल हे खेळ ज्या लांब, निमुळत्या काठीनें खेळतात तिला क्यू म्हणतात. आणि गंमत अशी कीं, हा शब्द ज्या फ्रेंच शब्दावरून आला त्याचा अर्थहि शेपूट असाच आहे. पूर्वीं हे खेळ जाड डोक्याच्या दांडक्यानें चेंडू ढकलून खेळत असत. चेंडू टेबलाच्या कडेला जाऊन चिकटला, म्हणजे तें जाड डोकें तेथें चालेना. तेव्हां खेळाडु दांडकें उलटें धरून त्याच्या बारीक शेपटीनें चेंडू मारूं लागले, आणि पुढें ती शेपटीच खेळाचें मुख्य हत्यार होऊन बसली. या शेपटीलाहि वांकडें होण्याची खोड आहे. ती खोड घरच्या घरीं मोडतां येते काय, आणि येत असल्यास कितपत, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

या खेळांचें भारताशीं नातें जुनें आहे. स्नूकर हा खेळ १८७५ सालीं जबलपूर येथील लष्करी अधिकाऱ्यांच्या भोजनगृहांत नेव्हिल चेंबरलेन या तरुण इंग्रज अधिकाऱ्यानें सुरू केला. १९२२ सालीं पुण्यांत जन्मलेले विल्सन जोन्स हे १९५८ सालीं कलकत्त्यास हौशी बिलियर्डपटूंमध्यें जगज्जेते झाले, आणि १९६४ सालीं न्यूझीलंडमध्यें त्यांनीं तो मान पुन्हां मिळविला. एके काळीं जिमखान्यांच्या आणि क्लबांच्या दालनांपुरते असलेले हे खेळ आतां शहरोशहरीं ताशी भाड्यानें टेबल देणाऱ्या खोल्यांतून खेळले जातात, आणि पूलची क्यू साध्या घरांतहि दिसूं लागली आहे. मात्र काठी घरांत आली, म्हणजे घरची हवाहि तिच्या वांट्याला येते.

असें एक घर डोळ्यांपुढें आणावें. गिरगांवांतील जुन्या इमारतीचा दुसरा मजला. घरांतील कर्ता पुरुष बोटीवर नोकरीला होता. तरुणपणीं त्यानें अमेरिकेच्या एका बंदरांतून दोन तुकड्यांची क्यू आणली, आणि पुढें पंचवीस वर्षें तिच्याखेरीज दुसरी हातांत धरली नाहीं. तो वारल्यावर ती क्यू, जोडलेलीच, कपाटामागच्या कोपऱ्यांत बाहेरच्या भिंतीला टेंकून उभी राहिली. तीन पावसाळे गेले. चौथ्या वर्षीं भाद्रपदांत, गणपतीसाठीं घर आवरतांना, मुलानें ती बाहेर काढली आणि जेवणाच्या टेबलावर लोटून पाहिली. ती गडगडत गेली नाहीं, लंगडत गेली. मुठीवरचा लिननचा दोरा वडिलांच्या तळहातानें जेथें काळवंडला होता, तेथें तो अजून तसाच काळा होता. आई दारांत उभी राहून पाहत होती.

"सरळ होईल का रे ती?" तिनें विचारलें, आणि लगेच म्हणाली, "पण बघ हं, मोडूं नकोस."

सल्ल्यांना कांहीं तोटा नव्हता. एकानें सांगितलें, चहाच्या किटलीच्या वाफेवर धर. दुसरा म्हणाला, गांवाकडे लाठी शेकतात तशी चुलीवर शेक. तिसऱ्यानें गादीखालीं घालून वर निजण्याचा उपाय सुचविला. शेजारचे काका मात्र जन्मभर सुतारकाम केलेले. त्यांनीं क्यू हातांत घेतली, खिडकीकडे तोंड करून एक डोळा मिटून पाहिली, आणि परत देतांना म्हणाले, "आधीं ती कुठें वांकलीय तें पाहा. मग कशानें वांकली तें. सरळ कशी करायची तें शेवटीं." हाच क्रम बरोबर आहे, आणि पुढील विवेचनहि त्याच क्रमानें केलें आहे.

पूलची क्यू सुमारें ५८ इंच लांब आणि बहुधा १८ ते २१ औंस वजनाची असते. तिचे सहसा दोन तुकडे असतात: पुढचा निमुळता दांडा आणि मागची जाड मूठ. दोहोंची लांबी जवळजवळ सारखी, म्हणजे सुमारें २९ इंच असून तीं मध्यें पेंचानें जोडलेलीं असतात. दांडा बहुतेक मेपल या उत्तर अमेरिकेंतील कठीण लांकडाचा असतो. स्नूकरच्या क्यूला ॲश या लांकडाची चाल अधिक आहे. दांड्याच्या टोंकाला एक लहान कडें आणि त्यावर कातड्याची चकती बसवितात. पूलच्या दांड्याचें टोंक सुमारें १३ मिलिमीटर जाड असतें, आणि सांध्याकडे तो हळूहळू जाड होत जातो.

या रचनेमुळें जोडलेली क्यू लंगडत लोटते एवढ्यावरूनच दांडा वांकला असें ठरत नाहीं. दोष तीन ठिकाणीं असूं शकतो: दांड्यांत, मुठींत किंवा सांध्यांत. दोन्ही तुकडे अगदीं सरळ असून सांध्याच्या चेहऱ्यावर मळाचा एखादा खडा बसला, तरी जोडलेली क्यू वांकडी दिसते. म्हणून पहिलें काम म्हणजे क्यू उघडणें, सांध्याचे दोन्ही चेहरे व पेंचाचे आटे कोरड्या फडक्यानें पुसणें, आणि प्रत्येक तुकडा निराळा तपासणें.

तपासणीची जागाहि विश्वासाची पाहिजे. जेवणाचें टेबल स्वतःच सपाट असेल असा भरंवसा नसतो. खेळाच्या चांगल्या टेबलाचा पाट पाटीच्या दगडाचा आणि सपाट असतो खरा, पण त्यावर लोंकरी बनात ताणलेली असते आणि तिच्या लवेंत बारीक बांक लपून जातो. घरांत सर्वांत चांगली वस्तु म्हणजे जाड आरशाची किंवा टीपॉयवरची कांच. तीवर दांडा हळूं लोटावा, आणि डोळे कांचेच्या पातळीला आणून दांड्याखालून उजेड दिसतो काय तें पाहावें. उजेडाची फट सर्व फेऱ्यांत सारखी राहिली, तर तो दांड्याच्या निमुळतेपणाचा परिणाम आहे. फट उघडत आणि मिटत राहिली, तर तो बांक आहे. स्नूकरच्या क्यूच्या बाबतींत आणखी एक सावधगिरी बाळगावी लागते. तिच्या मुठीचा मागचा भाग एका बाजूनें मुद्दाम सपाट तासलेला असतो. त्यामुळें अगदीं सरळ क्यूहि लोटतांना उडी मारते. तिची परीक्षा काकांच्या रीतीनेंच करावी. मूठ गालाजवळ धरावी, टोंक खिडकीच्या उजेडाकडे करावें, आणि काठी सावकाश फिरवीत तिच्या अंगावरून नजर पुढें न्यावी. बांक असेल तेथें कड एकदां फुगेल आणि अर्ध्या फेऱ्यानंतर तेथेंच खोल जाईल. फुगवट्याच्या माथ्यावर कागदाचा लहान तुकडा चिकटवून खूण करावी, आणि फटींत कागदाचे कपटे एकावर एक सरकवून बांक किती आहे तें मोजून टिपून ठेवावें. मोजल्यावांचून केलेला उपाय लागू पडला कीं नाहीं, हें पुढें कळत नाहीं.

गिरगांवच्या त्या घरांत ही परीक्षा झाली, तेव्हां मूठ अगदीं सरळ निघाली. सांध्यावर वाळलेल्या तेलाचा थर आणि रोगणाची एक खपली सांपडली. ती काढल्याबरोबर अर्धें लंगडणें थांबलें. राहिलेला दोष दांड्यांत होता. मध्याच्या जरा पुढें, सुमारें दीड मिलिमीटर.

आतां हा दीड मिलिमीटर आला कोठून, तें पाहूं जातां लांकडाचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. झाड तोडून, सुकवून, कातून, रोगण लावून झालें, तरी लांकडाचा हवेशीं चाललेला व्यवहार संपत नाहीं. हवेंत बाष्प वाढलें कीं तें ओल घेतें, हवा कोरडी झाली कीं ती परत देतें. अमेरिकेंत घरगुती सामानाचें कठीण लांकूड भट्टींत सुकवितात, तेव्हां त्यांत कोरड्या वजनाच्या बहुधा ६ ते ८ टक्के ओल ठेवतात. मुंबईच्या आषाढ-श्रावणांत हवेची सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास असते, आणि अशा हवेंत फार दिवस राहिलेलें लांकूड १८ टक्के ओलीपर्यंत जाऊं पाहतें. रोगणानें ही देवघेव मंदावते. बंद होत नाहीं.

ओल घेतल्यानें लांकूड फुगतें, पण सर्व दिशांनीं सारखें नव्हे. शुगर मेपलचें ताजें लांकूड पूर्णपणें सुकविलें, तर तें वाढीच्या वर्तुळांच्या दिशेनें सुमारें १० टक्के आणि गाभ्याकडून सालीकडे सुमारें ५ टक्के आकसतें. लांबींत मात्र तें सहसा ०.१ ते ०.२ टक्क्यांपलीकडे बदलत नाहीं. म्हणून ज्या दांड्याचे तंतु टोंकापासून शेवटापर्यंत सरळ गेले आहेत, तो पावसाळ्यांत किंचित् जाड होतो, पण सरळच राहतो. तंतु तिरपे गेले असले, किंवा एका अंगाला झाडाच्या कोंवळ्या वयाचें लांकूड आलें असलें, तर मात्र ती बाजू दुसरीपेक्षां अधिक लांब होऊं लागते. त्याचप्रमाणें एक बाजू ओल्या भिंतीकडे आणि दुसरी खोलीकडे असली, तर दोन्ही बाजूंना मिळणारी ओलहि सारखी राहत नाहीं.

यासाठीं फरक किती लागतो, हें ऐकून आश्चर्य वाटेल. सुमारें ७३७ मिलिमीटर लांब आणि सरासरी १६ मिलिमीटर जाड दांड्याची एक बाजू दुसरीपेक्षां अवघी पाव मिलिमीटर लांब झाली, कीं दांड्याच्या मध्यावर जवळजवळ दीड मिलिमीटरचा बांक येतो. त्या पाव मिलिमीटरचें माप डोळ्याला दिसत नाहीं. बांक मात्र लगेच दिसतो.

दुसरें कारण टेंकून ठेवण्याचें. भिंतीला तिरपी टेंकलेली काठी स्वतःच्या वजनानें जराशी लवते. एक रात्र ती अशी राहिली तर कांहीं बिघडत नाहीं. उचलतांच ती पुन्हां पूर्ववत् होते. परंतु ओझें थोडें असूनहि सतत असलें, आणि त्याच काळांत लांकडांतील ओल चढत-उतरत राहिली, तर लांकूड हळूहळू त्या आकाराची संवय लावून घेतें. तीन पावसाळे आणि तीन हिवाळे त्या कोपऱ्यांत हेंच झालें.

हें कारण ध्यानांत घेतलें म्हणजे कोणते उपाय टाळावे तेंहि आपोआप स्पष्ट होतें. लाठी शेकून सरळ करितात हें खरें. पण तो बांबू असतो. लांकडाचे व बांबूचे बळकट तंतु ज्या द्रव्यानें एकमेकांस बांधले जातात, त्याला लिग्निन म्हणतात. तें ओलें असतांना पाण्याच्या उकळबिंदूच्या आसपास मऊ पडतें. कोरडें असलें तर त्याला याहून पुष्कळच अधिक उष्णता लागते. ओल्या बांबूला ती ओल आंतूनच मिळते. क्यूचा दांडा कोरडा आणि रोगण लावलेला. त्याला आंचेवर धरिलें, तर वरचें रोगण जळेल, बाहेरचे तंतु करपतील, आणि आंतला गाभा तसाच ताठ राहील. त्या वेळीं जोर केला तर मोडण्याचीच शक्यता अधिक.

वाफेची गोष्ट याहून फसवी आहे. वाफेनें लांकूड वांकविणें ही जुनी आणि खरी कला आहे. खुर्च्या आणि होड्या बनविणारे कारागीर जाडीच्या दर इंचामागें सुमारें एक तास, या हिशेबानें लांकूड वाफेंत ठेवतात आणि बाहेर काढतांच सांच्यांत आवळून टाकतात. पण तें लांकूड उघडें असतें; त्याला ना रोगण, ना सांधे. तयार क्यू किटलीवर धरिली, तर रोगण पांढुरकें पडतें, कडें आणि कातड्याची चकती यांचा सरस ढिला होतो, आणि दांड्याच्या एकाच अंगाला ओल मिळते. आज सरळ दिसलेली काठी ती ओल वाळतांना भलत्याच दिशेला वांकते. गादीखालीं घालण्याच्या उपायांत तर जोर कोणत्या बाजूनें पडतो यावर कांहींच ताबा राहत नाहीं. फुगवटा पॉलिश कागदानें घांसून काढणें हाहि मोह अनेकांना होतो. पण त्यानें बांक जात नाहीं, फक्त दांडा त्या जागीं बारीक होतो, आणि गेलेलें लांकूड परत येत नाहीं.

मग घरांत करण्यासारखें काय उरतें? तीन गोष्टी उरतात, आणि तिन्हींना वेळ लागतो.

पहिली गोष्ट म्हणजे थांबणें. दांडा सुटा करून, पुसून, आंतल्या भिंतीच्या बाजूला, उन्हापासून आणि स्वयंपाकघरापासून दूर, हवेशीर जागीं दोन-तीन आठवडे आडवा सपाट ठेवावा. दोन्ही बाजूंना सारखी हवा मिळाली, म्हणजे ओलीच्या असमानतेमुळें आलेला बांक कधीं कधीं आपणच कमी होतो. पुन्हां मोजून, उरलेला बांक तेवढाच खरा समजावा.

दुसरी गोष्ट हाताची. फुगवट्याच्या जागीं सुती फडकें घट्ट धरून, दांडा चांगला ऊबदार लागेपर्यंत, तो लांबीच्या दिशेनें जलद घांसावा. नंतर फुगवटा गुडघ्यावर टेंकून, दोन्ही हातांनीं, धक्का न देतां, दांडा सरळ होऊन किंचित् पलीकडे जाईल इतका लववावा आणि मिनिटभर तसाच धरावा. सोडल्यावर तो बराचसा परत येईल. पुन्हां घांसावें, पुन्हां लववावें, आणि दर खेपेस कांचेवर तपासावें. हाताच्या घर्षणाची ऊब लिग्निन मऊ करण्याइतकी नसते, त्यामुळें या उपायाची कमाई थोडीच. पण अगदीं बारीक बांकाला तेवढी पुष्कळदां पुरते, आणि यांत काठीला इजा होत नाहीं.

तिसरी गोष्ट ऋतूची, आणि तीच सर्वांत महत्त्वाची. लांकूड सुकत असतांना त्याला ज्या आकारांत धरून ठेवावें, तो आकार तें बऱ्याच अंशीं टिकवितें. एरवीं स्थिर ओलीच्या लांकडावर महिनोंमहिने वजन ठेवूनहि जें होत नाहीं, तें ओल बदलत असतांना थोड्या वजनानें होतें. ज्या नियमानें कोपऱ्यांतली काठी वांकली, त्याच नियमाला उलट्या बाजूनें कामाला लावावयाचें. पाऊस सरल्यावर, आश्विनापासून पौषापर्यंत, मुंबईची हवा कोरडी होत जाते. हाच या कामाचा काळ. दांड्याचीं दोन्ही टोंकें सारख्या उंचीच्या दोन आधारांवर, खालीं मऊ कापड घालून टेंकावींत. फुगवटा बरोबर वर यावा. मध्यावर रुंद कापडी पट्ट्यानें एक किलोग्रॅम वजन टांगावें. वर सांगितलेल्या मापाचा मेपलचा दांडा इतक्या वजनानें सुमारें २ मिलिमीटर लवतो. म्हणजे दीड मिलिमीटरचा बांक सरळ होऊन अर्धा मिलिमीटर पलीकडे जातो. एवढेंच हवें. एवढ्या ओझ्यानें दांडा मोडण्याचा संभव नाहीं. घाईनें वजन तिप्पट-चौपट केल्यास मात्र उलटा बांक पदरीं पडतो. दर आठवड्याला वजन उतरून, एक दिवस विसांवा देऊन, कांचेवर मोजावें. दोन महिन्यांत कांहींच फरक दिसला नाहीं, तर हा बांक वजनाचा नसून तंतूंच्या जन्मजात तिरपेपणाचा आहे असें समजून थांबावें.

मूठ वांकली असेल, तर मात्र घरीं हात घालूं नये. तिच्यांत निरनिराळीं लांकडें सरसानें जोडलेलीं असतात, आंत पेंच असतो. तिला बळानें लववितां सांधे उकलतात. ती क्यू दुरुस्त करणाऱ्या जाणत्या कारागिराकडेच न्यावी. दांड्याचें मात्र तसें नाहीं. दोन तुकड्यांच्या क्यूची सोय हीच कीं, त्याच आट्यांचा आणि त्याच मापाचा नवा दांडा मिळाला, तर तो जुन्या मुठीला बसवितां येतो. एक तुकडा गेला म्हणून सगळी क्यू गेली असें होत नाहीं.

येथें एक प्रश्न विचारणें अवश्य आहे. बांक संपूर्ण गेलाच पाहिजे काय? खेळाच्या दृष्टीनें पाहिलें तर नाहीं. वांकडी काठी हातांत फिरली, तरच तिचें टोंक डावी-उजवीकडे सरकतें आणि पांढऱ्या चेंडूला नको तेथें फटका बसतो. तीच काठी दर वेळीं एकाच बाजूनें वर धरिली, तर बांकाचा परिणाम दर वेळीं तोच राहतो, आणि हाताला त्याची ओळख पटते. ॲशच्या क्यूवर वाढीच्या रेषा बाणाच्या फाळासारख्या उमटलेल्या असतात. स्नूकरचे अनेक खेळाडु फटक्यापूर्वीं तो बाण वर आहे कीं नाहीं हें पाहून घेतात. काठी पूर्ण सरळ असली तरी ते असें करितात. मेपलवर या रेषा फार पुसट असतात. तेथें सांध्याजवळ एखादी बारीक खूण केली तरी चालते. अर्धा मिलिमीटर बांकाची काठी खुणेनें धरून खेळणारा, आणि सरळ काठी वाटेल तशी धरून खेळणारा, यांत पहिल्याचा फटकाच अधिक भरंवशाचा. नाचतां येईना अंगण वांकडें, ही म्हण खेळाडूंनीं म्हणूनच लक्षांत ठेवावी. अंगण खरेंच वांकडें असेल तर तें मोजावें. आणि मोजून झाल्यावर पावलांकडेहि पाहावें.

तसेंच, एकदां काढलेला बांक कायमचा गेला असें कोणीं समजूं नये. लांकडाला स्मरण असतें. ज्या तंतूंनीं बांक आला ते तंतु बदललेले नसतात. पुढच्या पावसाळ्यांत ओल चढली कीं त्यांतला कांहीं भाग परत डोकावतो. म्हणून सरळ करण्याहून सरळ राखणें अधिक मोलाचें. क्यू कधींहि तिरपी टेंकून ठेवूं नये. ती उघडून पेटींत आडवी ठेवावी, किंवा टोंकाकडून सरळ खालीं लोंबत टांगावी. बाहेरच्या ओल्या भिंतीपासून दूर ठेवावी. उन्हांत उभ्या असलेल्या मोटारींत ती विसरूं नये. खेळून झाल्यावर हाताचा घाम कोरड्या फडक्यानें पुसावा. ओल्या फडक्यानें पुसूं नये. जेथें रोगण उडून लांकूड उघडें पडलें असेल, तेथें कोरड्या ऋतूंत पातळ हात द्यावा.

गिरगांवच्या घरांत आश्विनांत दांडा दोन खुर्च्यांच्या पाठींवर चढला. वजनासाठीं साखरेची एक किलोची पुडी जुन्या साडीच्या पट्ट्यांत बांधली होती. ती आईनेंच बांधली. दर रविवारीं मोजणी होई आणि आंकडा दिनदर्शिकेवर लिहिला जाई. पहिले तीन आठवडे आंकडा हलला नाहीं. चौथ्या आठवड्यांत कागदाचा एक कपटा कमी झाला, पुढें आणखी एक. पौष संपतांना दीड मिलिमीटरांपैकीं अर्धा मिलिमीटर उरला, आणि त्यापुढें पंधरा दिवस कांहींच बदल झाला नाहीं.

"आतां थांब," काका म्हणाले. "राहिलं तें लांकडाचं स्वतःचं आहे. तें राहूं दे."

मुलानें सांध्याजवळ सुईच्या टोंकाएवढी एक खूण केली, ती वर येईल अशी क्यू धरावयाची संवय केली, आणि त्या उन्हाळ्यांत तो तिनेंच खेळला. पुढच्या श्रावणांत बांक थोडासा परत आला. ठरल्याप्रमाणें आश्विनांत दांडा पुन्हां खुर्च्यांवर चढला. या खेपेस काम तीन आठवड्यांत झालें.

शेपटाची म्हण अगदींच खोटी नाहीं, एवढें यावरून दिसतें. नळींत कोंबून किंवा आंचेवर धरून कोणाचाच बांक जात नाहीं. पण कारण शोधून, योग्य ऋतूंत, थोड्या ओझ्यानें आणि पुष्कळ धीरानें त्याचा बराचसा भाग काढतां येतो, आणि उरलेल्याशीं जमवून घेतां येतें. कपाटामागचा कोपरा आतां मोकळा आहे. क्यू आंतल्या भिंतीवर, टोंकाकडून टांगलेली असते. आणि पावसाळ्यांत संध्याकाळीं दिवा लावून झाला, म्हणजे आई तिच्यावरून एकदां कोरडें फडकें फिरविते.